हंडाभर गोदावरी

मुक्काम पांढरवाडी, ता. गेवराई
गुरुवार, चैत्र वद्य पक्ष

वडीलबंधूंच्या ठिकाणी असलेले सोमलिंगअप्पा यांच्या पायांशी विरुपाक्षाचा दोन्ही हात जोडून शरणार्थ.

आपला उजवा गुडघा आता कसा आहे? डावा दुखत असल्यास डावा कसा आहे? गंगासागरवहिनींचा खोकला थांबला का? दुकानात गिऱ्हाईक कितपत येते? तेलगावकडचा ऊस उभ्या उभ्या वाळला असे एस.टी.तला एक माणूस सांगत होता, ते खरे नसावे, अशी कपिलधारच्या देवस्थानाच्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी. सौ. तिकडे माहेरी आहेत हे आपल्या ध्यानात आलेच असेल. सोमवारी पहिल्या गाडीने निघाल्या त्या सुखरूप पोचल्या असे मी धरून चाललो आहे. कारण पोचल्या नसत्या तर 'अजून आली कशी नाही' असे आपले पत्र आले असते, आणि पोचल्या म्हणूनच ते आले नाही. (असा विचार केला की थोडा वेळ बरे वाटते. मग पुन्हा वाटेनासे होते.) जाताना त्या 'अण्णाचा गुडघा बघून येते' एवढेच म्हणाल्या. गुडघा बघायला शेवयाचा पाट कशाला लागतो, हे विचारायचे माझ्या अगदी ओठावर आले होते, पण गाडीने हॉर्न दिला. तो पाट आपल्याकडे उतरला असेल, तर त्यावर आजवर किती शेवया झाल्या ते सवडीने कळवावे, म्हणजे मला मुक्कामाचा अंदाज येईल.

घडलेली हकीकत त्यांनी आपल्याला सांगितली असेल. त्या थोडक्यात सांगतात, आणि थोडक्यात सांगितले की मी फार वाईट दिसतो. म्हणून मी जरा लांबवून लिहितो.

आमच्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे झाली. तसा आनंद करावा असे हे वर्ष नाही. सोसायटीकडे वाटायला बी नाही आणि पेरायला कोणाकडे ओल नाही. पण चेअरमन अर्जुनरावांचे म्हणणे असे पडले की माणसे टँकर आणि रोजगार हमीची खडी यांखेरीज तिसरा विषयच काढीनात, तेव्हा त्यांचा जीव कशात तरी रमवावा. म्हणून खताच्या रिकाम्या गोदामात दोन दिवसांचे छंद-प्रदर्शन ठरले. त्रिंबकने (हा माझ्यामागून सोसायटीचा सचिव झाला, अक्षर चांगले आहे, स्वभाव घाईचा) गावभर दवंडी दिली की ज्याला जो छंद असेल तो त्याने मांडावा. गावात छंद आहेत तरी किती, याची मला शंका होती, पण बरेच निघाले. एकाने काड्यापेट्यांची चित्रे आणली. एकाने बैलांच्या जुन्या झुली टांगल्या. बैल चारा-छावणीत होते. एकाने मिशा हाच छंद म्हणून नाव दिले आणि दोन्ही दिवस स्टुलावर बसून राहिला. आणि मी मेजावर राक्षसभुवनची लढाई मांडायचे ठरवले.

आता हे खूळ माझ्या डोक्यात कधी शिरले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसरीला आम्हाला एक गुरुजी होते. कविता शिकवताना ते हातातली छडी बाकावर तालात वाजवीत, त्यामुळे अजूनही कोणी कविता म्हणू लागले की माझी पाठ आपोआप ताठ होते. राज्य तेव्हा निजामाचे. एका दुपारी गुरुजींनी शाळेचे दार लोटून आतून कडी घातली आणि चुलीतल्या राखेने जमिनीवर गोदावरी काढली. अलीकडच्या काठाला राक्षसभुवन. निजाम अर्धी फौज घेऊन पलीकडे उतरलेला, त्याचे दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडेच राहिलेले, आणि मध्ये नदीला पूर. पेशवे अलीकडच्यांवर तुटून पडले. निजाम पलीकडच्या काठावर उभा राहून बघत राहिला, कारण पाणी त्याला येऊ देईना. चिंचोके हे मराठे होते आणि खडे हे मोगल, म्हणजे निजामाचे. दिवाण पडले तसे गुरुजींनी पायाने गोदावरी पुसली, दार उघडले आणि आम्हाला मोठमोठ्याने पाढे म्हणायला लावले. अप्पा, ती पुसलेली राख माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. ही लढाई एकदा उघड्या दाराने मांडायची, एवढीच इच्छा घेऊन मी सोसायटीत बावीस पावसाळे (आणि बरेच न पडलेले पावसाळे) काढले.

फौज तयार करायला हिवाळा गेला. ज्वारीच्या ताटातले, म्हणजे धाटातले, मऊ भेंड काढायचे, त्याचे घोडे कोरायचे आणि ताटाच्याच सालीच्या चोयट्यांचे त्यांना पाय बसवायचे. यात अडचण अशी की यंदा कडबा मिळेना. दारात म्हैस हंबरत असताना घरातला माणूस कडब्याचे घोडे करीत बसतो, हे दृश्य बाहेरून कसे दिसत असेल याची मला कल्पना आहे. सौ.नी ती वेळोवेळी दिलीही. तरी हत्तीचा प्रश्न आला तेव्हा त्याच मदतीला आल्या. भेंडाचा हत्ती मला साधेना. माझा प्रत्येक हत्ती डुकराच्या वळणावर जाई. शेवटी त्यांनी जुन्या खणाचा, आत कापूस भरून, मुठीएवढा हत्ती शिवला. सोंडेत तार घातली, त्यामुळे सोंड वर-खाली करता येते. तो विठ्ठल सुंदरांचा हत्ती. अख्ख्या मेजावर खरा दिसणारा तेवढा एकच होता, हे मी त्यांना बोललो नाही. बोलायला हवे होते असे आता वाटते.

लढाई खेळायची कवड्यांवर. जितक्या उताण्या पडतील तितकी बोटे घोडा पुढे. नियम मी सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिले होते, त्यांतला मुख्य असा, की गोदावरीला पाणी आहे तोवर निजामाने अलीकडे येऊ नये. पेशव्यांकडून मी. निजामाकडून खेळायला मात्र गावात एक पुरुष तयार होईना. त्रिंबक कबूल झाला होता, पण त्याच्या आईने ऐकून घरात चूल पेटवली नाही. अखेर सौ. म्हणाल्या, खेळते म्या. माहेरी त्या आणि आपण कवड्या खेळत होता आणि आपण कायम हरत होता, असे त्या सांगतात. (मी कधी विश्वास ठेवला नाही. आता थोडा ठेवतो.) सरावात त्यांनी मला असे काही धुतले की इतिहासाबद्दल मला काळजी वाटू लागली. मी हात जोडून म्हणालो, प्रदर्शनाच्या दिवशी तेवढे हरा, गुरुजींसाठी. त्यांनी कवड्या गोळा करून पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या,

"हरते. पण नदीत घरचं पानी घालायचं न्हाई. निळा कागद लावा."

मी लावतो म्हणालो. शपथेवर म्हणालो.

कागद मी आणलाही होता. पन्हळीसारखी वळणदार नदी पत्र्याची करवून घेतली होती, तिच्या तळाशी तो चिकटवला, आणि रविवारी सकाळी समोर उभा राहून पाहिले तर ती गोदावरी नव्हती. शाळेच्या वहीला घातलेले कव्हर होते. वर मी माझे दोन चरण लिहून टांगले होते:

नदी धावते ही नि घोडेहि सारे
उभे ऐलतीरी जसे की निखारे

(सौ.नी ते वाचून विचारले होते, निखारे पाण्याच्या कडेला कावून मांडले? इझून जातील की. कवितेकडे असे बघू नये, हे मी त्यांना आजवर पटवू शकलो नाही.) आता नदी धावते असे वर लिहायचे आणि खाली कागद पसरायचा, हे माझ्याने होईना. पाठ ताठ झाली. घरात पाण्याचे दोन हंडे; एक रिकामा घेऊन सौ. टँकरच्या रांगेत गेलेल्या, दुसरा भरलेला कोपऱ्यात. मी असा विचार केला की पाणी जाते कुठे? संध्याकाळी लढाई संपली की जसेच्या तसे परत हंड्यात ओतायचे. गोदावरी होऊन आलेले पाणी उलट चांगलेच. हा विचार मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिला आहे आणि त्यात चूक कुठे झाली हे मला अजून सापडत नाही. चूक पुढे झाली, आणि ती माझ्या हातून नाही.

हंडा ओतला मात्र, नदी जिवंत झाली. पत्र्याच्या झरोक्यातून ऊन आले ते तिच्यावर हलू लागले. मी तिथेच खाली बसलो. रिकामा हंडा मेजाखाली सरकवला.

पहिल्यांदा खालच्या आळीतल्या बाया प्रदर्शन बघायला आल्या. त्या मिशांपाशी हसल्या, झुलींपाशी थांबल्या आणि माझ्या मेजापाशी येऊन वाकून बघू लागल्या. खरी गोदावरी चालत जाता येईल इतकी कोरडी, पात्रात वाळूच्या गाड्यांची भांडणे, आणि इथे मेजावर ती वाहते आहे. एकीने पदर डोक्यावर घेतला. दुसरीने हळदीकुंकवाची चिमूट सोडली. तिसरीने नदी ओलांडताना टाकतात तसे नाणे टाकले, ते पेशव्यांच्या बिनीच्या स्वाराला लागून तो पडला. मग तांदूळ. मग कण्हेरीची फुले. मी आई, ताई, मावशी करीत मेजाभोवती फिरत होतो, पण देवाला नैवेद्य दाखवताना पुजारी मधे आला तर लोक त्याला जसे हळूच बाजूला करतात, तसे त्यांनी मला केले. पाणी पिवळे झाले. संध्याकाळी हंड्यात परत काय ओतायचे, या विचाराने मला घाम फुटला.

तेवढ्यात अर्जुनराव उद्घाटनाला आले. त्यांना फीत कापायची होती. पण आमच्या पाझर तलावाच्या जलपूजनासाठी दोन वर्षांपासून त्यांच्या जीपमध्ये नारळ, खण आणि हळदीकुंकवाची वाटी तयारच असते. तलावात पाणी तेवढे आले नाही. त्यांनी पिवळे पाणी पाहिले, फुले पाहिली, बाया पाहिल्या, आणि त्यांचा हात सवयीने नारळाकडे गेला. मी पुढे होऊन सांगत होतो की साहेब, ही लढाई आहे. ते म्हणाले, खरं आहे विरुपाक्षअप्पा, लढाईच आहे ही, दुष्काळाशी. आणि नारळ त्यांनी नदीच्या काठावर फोडला. म्हणजे पत्र्याच्या काठावर. अर्धा नारळ निजामाच्या तोफांवर पडला. मग लाउडस्पीकर हातात घेऊन त्यांनी भाषण केले, की आपल्या सोसायटीने गोदामाईला गोदामापर्यंत आणून दाखवले आहे.

लाउडस्पीकरचे तोंड विहिरीकडे होते.

विहिरीपाशी टँकरची वाट बघत सगळी रांग बसलेली. त्यांनी काय ऐकायचे? रांग उठली. आणि आमच्या गावच्या बायांची शिस्त अशी, की नंबर कोणी मोडला नाही; हंडे, कळशा, जागा धरायला ठेवलेले दगड आणि एक तुटकी चप्पल, जे ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने गोदामात येऊन माझ्या मेजाला लागले. टँकर आला तर रांगच नाही, म्हणून ड्रायव्हरही माणसे शोधत मागोमाग आला, तो लढाई संपेपर्यंत हलला नाही. रांगेत पहिली बायनाबाई. तिने मेजाकडे पाहिले नाही, खाली पाहिले. नारळाच्या तडाख्याने पत्र्याचा सांधा सुटून गोदावरी मेजाखालून थेंब थेंब, मग धारेने गळत होती. बायनाबाईने आपला हंडा तिच्याखाली धरला आणि म्हणाली, "गोदामाई गळायलीय, वाया कावून घालवायची? म्हशीला होईल." तिने शेवटच्या थेंबापर्यंत वाट पाहिली. अप्पा, तेवढे एक समाधान आहे. म्हैस ते पाणी तांदळांसकट प्याली.

आणि रांगेत मध्यावर सौ. होत्या. हातात रिकामा हंडा. त्यांची नजर मेजाखाली गेली, तिथे दुसरा. आपल्या वडिलांनी लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावे घालून दिली होती, त्यामुळे हा कोणाचा, असे म्हणायची मला सोय नव्हती. त्यांनी हातातला हंडा खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला, पदर खोचला आणि निजामाच्या बाजूला जाऊन बसल्या. मला वाटले, निभावले. मी कवड्या टाकल्या आणि दिवाणांच्या फौजेवर चाल केली. दोनतीन डावांत त्यांचे घोडे आडवे झाले; आता हत्ती पाडायचा की संपले. अर्ध्या शतकानंतर, उघड्या दारात, सगळ्या गावासमोर. 

तेव्हा त्या म्हणाल्या, "तो पुठ्ठा वाचा एकदा मोठ्यानं."

मी वाचला. गोदावरीला पाणी आहे तोवर निजामाने अलीकडे येऊ नये.

"नदीत पानी हाय का?"

मी पन्हळीत पाहिले. निळा कागद, एक फूल आणि दोन नाणी होती. मी म्हणालो, इतिहासात होते. त्या म्हणाल्या, इतिहासात आसंल, घरात न्हाई. "मग पूर कशाचा? माजी फौज निगाली."

आणि निजामाची सगळी फौज कोरड्या गोदावरीतून अलीकडे आली. पुढचे लिहवत नाही. त्यांच्या कवड्या उताण्याच पडत होत्या. पेशव्यांना मी दोनदा माघारी नेले, तिसऱ्यांदा मेज संपले. मागच्या बाया टाळ्या वाजवत होत्या, ज्यांच्या आज्यापणज्यांनी निजामाला शिव्या घातल्या त्यासुद्धा. ड्रायव्हरने तर शिट्टी मारली. विठ्ठल सुंदरांचा हत्ती सोंड वर करून उभा होता. मी दाराकडे बघत होतो. मला वाटत होते गुरुजी येतील आणि पायाने सगळे पुसून टाकतील, आणि आपण पाढे म्हणू.

घरी आल्यावर त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी भाकरी केली, मला वाढले, आणि सकाळी आपल्या गुडघ्याची आठवण काढली.

तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. झोप येत नाही, आणि आली तर घोडे दिसतात. चहाची पूड कोणत्या डब्यात आहे हे मला कळलेले नाही. जो डबा उघडावा त्यात हळद. दुसऱ्या हंड्यातले पाणी तळाला गेले आहे. मी निजामाबद्दल खूप विचार करतो. आपली माणसे पलीकडच्या काठाला आहेत आणि आपल्याला जाता येत नाही, तेव्हा त्याला कसे वाटले असेल, हे गुरुजींनी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते.

आता पत्राचे मुख्य कारण. बीडला पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सहकारी प्रदर्शन आहे. आमच्या गोदामात त्या दिवशी कोणी अधिकारी आले होते म्हणे, त्यांनी काल निरोप धाडला की 'सौ. शिवगंगाबाई यांची दुष्काळी लढाई' तिथे मांडावी, आणि बाईंनी सोबत सामान उचलायला एक माणूस आणला तरी चालेल. मी जाणार नाही, असे ठरवले होते. पण सामान उचलायचे काम तसे हलके आहे. फौज भेंडाची आहे. तरी हा निरोप आपण सौ.च्या कानावर घालावा. माझा काही आग्रह नाही. वहिनींना शरणार्थ. गुडघ्याला एरंडेल चोळावे.

आपला,
विरुपाक्ष

ता. क. निरोपापेक्षा नाजूक गोष्ट वर लिहायची राहिली. विठ्ठल सुंदरांचा हत्ती सोमवारपासून सापडत नाही. मी घोड्यांच्या खोक्यात, धान्याच्या कणगीत आणि हळदीच्या सर्व डब्यांत पाहिले. माझा कोणावर आरोप नाही, पण सौ.च्या पिशवीत तो चुकून गेला असण्याची शक्यता आहे. असल्यास कृपा करून पार्सलाने किंवा कंडक्टरबरोबर धाडू नये, सोंडेची तार नाजूक आहे. ज्या हाताने नेला त्याच हातात धरून तो परत आणला जावा. दुसऱ्या हातात शेवयाचा पाट असल्यास तोल बरा राहील.

दुसरा ता. क. (शुक्रवार). पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, पण दुसरा हंडाही संपला म्हणून आधी कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलून टँकरच्या रांगेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा गेलो. बायांनी मला शेवटी उभे केले, माझ्यामागे फक्त ती चप्पल होती. हंड्यात मी बघितले नव्हते. रिकाम्या हंड्यात बघायचे काय असते? माझा नंबर आला, नळी लागली, पाणी वर चढले, आणि पाण्याबरोबर विठ्ठल सुंदरांचा हत्ती वर आला. सगळी रांग तिथेच थांबली होती, भरलेले हंडे डोक्यावर घेऊन. बायनाबाई म्हणाली, "शिवगंगामाय जातानाच सांगून गेल्त्या. पान्याला येतील तवा हत्ती गावंल म्हनून. आमी सोमवारपासून वाट बघायलोत, अप्पा."

तेव्हा हत्ती शोधण्याबद्दलचा वरचा मजकूर रद्द समजावा. तो सौ.नी हातात धरून आणण्याबद्दलचा मात्र कायम समजावा. हत्ती दोरीवर वाळत घातला आहे, पण सोंडेची तार वाकली असून ती मला सरळ करता येत नाही. हंडा भरून झाकून ठेवला आहे, आणि मी तहान लागली तरी शेजारी जातो.